रुखवतातला टीव्ही

"पोरगी गुणाची हाय गं शांते, पर रुखवतात आणलेल्या त्या टीव्हीवानीच हाय. आत लाइट हाय का गेली, कायबी कळत न्हाई."

हे वाक्य माझ्या कानांसाठी नव्हतं. मी दाराआड चहाचा ट्रे घेऊन उभी होते. बोलत होत्या आक्का, माझ्या सासऱ्यांची थोरली बहीण, जवळा बाजारहून राहायला आलेल्या. ऐकत होत्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई. आणि विषय होता मी आणि माझा टीव्ही.

मग मी काय केलं? काय करणार! ट्रे घेऊन आत गेले, "साखर कमी नाही ना झाली?" एवढं विचारलं आणि बाहेर आले. लग्नाला पाच महिने झाले होते आणि या घरात माझं बहुतेक सगळं बोलणं साखर आणि मीठ यांच्यापुरतंच होतं.

आता तुम्ही चहा घेताय तोवर सांगूनच टाकते. माझ्या हातून एक असा घोळ झालाय की आमच्या गावात, कुरुंद्यात, अजूनही कुणाचं घड्याळ मागं पडलं की लोक माझी आठवण काढतात. दुसऱ्याकडून ऐकण्यापेक्षा माझ्याकडूनच ऐका. दुसरे लोक त्यात एक पंप जास्तीचा घालून सांगतात.

आधी त्या टीव्हीचं. तो टीव्ही नव्हताच हो!

मी परभणीची. इलेक्ट्रॉनिक्स शिकले, पुण्यात एका कंपनीत यंत्रं तपासायची नोकरी केली आणि साठवलेल्या पगारातून एक वापरलेला ऑसिलोस्कोप घेतला. म्हणजे काय? तर तारेतून वीज कशी धावते ते पडद्यावर लाटेसारखं काढून दाखवणारं यंत्र. मिक्सरच्या खोक्याएवढा डबा, त्याला तळहाताएवढा पडदा. डॉक्टरच्या गळ्यात जशी नळी, तसा आमच्या टेबलावर हा. लग्न जमवताना कळलं की मुलगा सोलर पंपाचे कंट्रोलर, म्हणजे पंप चालू-बंद करणाऱ्या पेट्या, दुरुस्त करतो. पत्रिका नंतर बघितली. माझ्या मनात गुण तिथंच जुळले होते.

रुखवताच्या वेळी आई म्हणाली, "मांडायचं काय? तुला साधा रुमाल विणता येत नाही."

मी म्हटलं, "हा मांडू."

आणि मांडला! एका बाजूला शिंपल्यांचा मोर, दुसऱ्या बाजूला बडीशेपेची डबी, मध्ये ऑसिलोस्कोप. माझ्या मावसबहिणीनं प्रत्येक वस्तूपुढं थर्माकोलची पाटी ठेवली होती, 'वधूच्या हातचे'. मोर बाजारातून आणलेला, तरी त्याच्यापुढंही तीच पाटी. डब्यापुढंही तीच.

झालं! सगळ्या वऱ्हाडात बातमी पसरली, पोरीनं घरी टीव्ही बनवलाय. गर्दी जमली. कुणीतरी बटण दाबलं. पडद्यावर एक पिवळी आडवी रेघ आली. आक्का खुर्ची ओढून समोर बसल्या आणि पुढं काय लागतंय याची वाट बघत राहिल्या. काहीच लागेना. मग उठून त्यांनी निकाल दिला, "बनवला, पर जमला न्हाई."

आत्याबाईंनी मात्र त्या डब्याला जीव लावला. सुनेच्या रुखवतातली वस्तू! आमच्या घरी टीव्हीला कव्हर, फ्रिजला कव्हर, रिमोटला प्लास्टिक. मग हाच उघडा कसा राहील? त्यांनी लाल-पांढऱ्या लोकरीचं कव्हर विणलं, खाली झालर लावली. मी टेबलावरून उठायचा अवकाश, डब्याच्या डोक्यावर कव्हर. आणि त्यांची दुसरी एक शिस्त: ज्या वस्तूपाशी माणूस बसलेलं नाही, तिचं बटण बंद. पंखा असो, बल्ब असो. हे दोन्ही ध्यानात ठेवा. मी ठेवलं नाही.

तर आमच्या घराच्या पुढच्या खोलीत ह्यांचं दुकान. एका टेबलावर हे, दुसऱ्या टेबलावर मी आणि माझा डबा. आक्कांच्या मनात त्या खोलीचा वेगळाच बेत होता. तिथं पिठाची गिरणी टाकायची.

"दुरुस्ती काय, लिंबाखाली बसून बी व्हती," आक्का म्हणायच्या. "आन नव्या सुनेला दुकानात काहून बसवून राहिले तुमी? लोक पंपाचं काम घेऊन येतेत का सून बघाया?"

माझे सासरे, त्यांना सगळे नाना म्हणतात, स्वभावानं गरीब. बहिणीपुढं मान डोलवायची, लेकापुढंही डोलवायची. पण या वेळी त्यांना निकाल द्यावाच लागला.

"रविवारी दगडू येनार हाय त्याचा कंट्रोलर घेऊन. सूनबाईनं समद्यांम्होरं दाखवावं, तो डबा करतो काय. पटलं तर टेबल ऱ्हाईल. न्हाई पटलं तर डबा माळ्यावर, आन खोलीत गिरणी. हाय का कबूल?"

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "चहा ठेवू का?"

माळ्यावर! तिथं आधीच एक शिलाई मशीन होतं, माझ्या आजेसासूबाईंचं. ते माळ्यावर चढलं ते परत कधी उतरलं नाही.

आता अडचण अशी की डब्याचा पडदा तळहाताएवढा. नानांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. आक्का दुकानात पाय ठेवणार नाहीत, तिथं ग्रीस लागतं. मग दाखवायचं कुणाला आणि कसं?

बैठकीत मोठा टीव्ही होता. मी विचार केला, डब्याचा पडदाच टीव्हीवर न्यावा.

लॅपटॉपवर पायथन या संगणकाच्या भाषेत एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. काम अगदी सरळ. लॅपटॉपनं केबलमधून डब्याला विचारायचं, "तुझ्या पडद्याचा फोटो दे." डब्यानं द्यायचा. लॅपटॉपनं तो टीव्हीवर लावायचा आणि लगेच पुन्हा विचारायचं. विचारत राहायचं, लावत राहायचं. मग ते एकेक फोटो राहत नाहीत, समोर चालू असलेली गोष्ट होते. डबा पुढच्या खोलीत, लॅपटॉप बैठकीत टीव्हीपाशी, आणि मधल्या खिडकीतून लांबलचक केबल.

शनिवारी दुपारी टीव्हीवर पहिल्यांदा माझी पिवळी लाट उमटली तेव्हा काय सांगू! मी पुढच्या खोलीत जाऊन डब्याचं एक बटण फिरवून आले, तर टीव्हीवरची लाट बारीक झालेली. परत फिरवलं, परत मोठी. मी एकटीच या खोलीतून त्या खोलीत पळत होते. नाना डुलक्या घेत होते, नाहीतर त्यांना वाटलं असतं सुनेला काही चावलं.

हे बाहेरून आले, दारातच थांबले. बराच वेळ बघून म्हणाले, "हे तू केलंस?"

मी मान हलवली.

"एकटीनं?"

परत मान हलवली.

"ह्याच्यावर मॅच लागंल का?"

नवरे असेच असतात. पण नंतर ह्यांनी आपल्या तीन मित्रांना फोन करून सांगितलेलं मी ऐकलं. तेही मी ऐकायचं नव्हतं. पण ते ऐकून दिवसभर पाय जमिनीला लागले नाहीत.

फक्त एक खोट होती. केबल थोडी सैल. मध्येच डब्याकडून फोटो आला नाही की प्रोग्रॅम घाबरायचा, टीव्हीभर लाल इंग्रजी अक्षरं ओकायचा आणि बंद पडायचा. आक्कांपुढं असं झालं तर? "बनवला, पर जमला न्हाई" हे वाक्य मला पुन्हा ऐकायचं नव्हतं. म्हणून मी त्याला एक सूचना लिहिली: फोटो नाही आला तर गप्प बस. कुणाला काही सांगू नकोस. आधीचाच फोटो दाखवत राहा आणि हळूच पुन्हा विचार.

म्हणजे मी स्वतः सासरी जे करत होते, तेच त्याला शिकवलं. हे तेव्हा लक्षात आलं नाही, नंतर आलं.

रविवार उजाडला. दगडूअण्णा, नानांचे लहानपणापासूनचे दोस्त, कंट्रोलर पोत्यात गुंडाळून घेऊन आले. त्यांचा गहू ओंबीवर होता आणि बोअरचा पंप रुसून बसला होता.

"चालू व्हतो, पानी बी येतं," दगडूअण्णा सांगत होते, "आन जरा येळ गेला की बंद. परत चालू, परत बंद. आता ह्या कंट्रोलरात बिघाड हाय का खाली पंपात, तेवढं सांगा. पंपात असंल तर समदा पाइप उपसावा लागतो. लई तकलीफ हाय."

बघा, किती नेमका प्रश्न! कंट्रोलरचं कार्ड, म्हणजे आतली सर्किटची पाटी, गरम झाल्यावर बंद पडत असेल तर लाट टीव्हीवर सपाट होईल. नाही झाली, तर कार्ड निर्दोष आणि दोष पंपाचा. म्हणजे थोडा वेळ नुसतं बघत बसायचं. दाखवायला याहून चांगला रोगी मिळाला नसता.

मी पुढच्या खोलीत कंट्रोलर दुकानातल्या विजेवर जोडला, डबा लावला, आणि बैठकीत येऊन टीव्हीपाशी उभी राहिले. पिवळी लाट, एका ठिकाणी स्थिर, आखल्यासारखी. नाना चष्मा पुसून पुढं सरसावले. आक्का सोफ्यावर, पिशवी मांडीवर. त्यांना पावणेबाराची एस्टी धरून वसमतला आणि तिथून जवळा बाजारला जायचं होतं. हे खिडकीपाशी, केबलवर लक्ष ठेवून. दगडूअण्णांना बसायला जागा नव्हती म्हणून आत्याबाई उठून पुढच्या खोलीतून स्टूल घेऊन आल्या.

"हे दगडूच्याच कंट्रोलरातलं हाय?" नानांनी विचारलं.

"हो. आत्ता, या घडीला जे चाललंय ते," मी म्हटलं. केवढं लांब वाक्य! आक्कांनी चमकून माझ्याकडं बघितलं.

"माझ्या कंट्रोलरची लाट टीव्हीवर!" दगडूअण्णांनी हात जोडले. "हालून राहिली बघ नाना. ती बघ, हालली!"

"व्हय व्हय, हालली," नाना म्हणाले.

खरं तर ती हलत नव्हती. चांगली लाट पडद्यावर स्थिरच दिसते. पण एवढ्या कौतुकानं बघणाऱ्या माणसाला कोण सांगणार! मी गप्प बसले.

मग नानांची नजर टीव्हीच्या कोपऱ्यात गेली. डब्याच्या पडद्यावर कोपऱ्यात वेळ असते, तीही फोटोबरोबर टीव्हीवर आली होती. अकरा वाजून पाच मिनिटं. नानांनी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. सव्वाअकरा होऊन गेलेले.

"आपलं घड्याळ म्होरं पळून राहिलं," नाना म्हणाले. "सूनबाईच्या मशीनचा टाइम बराबर असनार." आणि खुर्चीवर चढून त्यांनी काटा मागं घेतला.

खिशात प्रत्येकाच्या मोबाइल! पण आमच्याकडं वेळ बघायची ती भिंतीवर.

तुम्ही म्हणाल, अगं बाई, तुला तेव्हाच कळायला हवं होतं. हो ना, हवं होतं! पण माझ्या मशीनचा टाइम बराबर, असं खुद्द सासरे चारचौघांत म्हणाले होते. त्या वाक्याच्या गोडीत मी अशी बुडाले होते की बाकीचं काही दिसेना.

आम्ही बघत बसलो. लाट तशीच. नाना दगडूअण्णांना समजावू लागले, "हे बघ, सूनबाईचा पोग्राम डब्याचा फोटू काढतो, हितं चिकटवतो. परत काढतो, परत चिकटवतो. दम म्हनून घेत न्हाई." त्यांनी इतकं बरोबर सांगितलं की मला भरून आलं.

बऱ्याच वेळानं नानांनी पुन्हा भिंतीकडं बघितलं. "आता मातर हद झाली! आत्ताच तर मिळवलं व्हतं, परत म्होरं गेलं! ह्याच्यातला सेल बिघडला." पुन्हा खुर्ची, पुन्हा काटा मागं, अकरा वाजून पाचवर.

आणि मी, शिकलेली, पुण्याला नोकरी केलेली, मी काय केलं? मान डोलावली. सेल बिघडला की घड्याळ पुढं पळत नाही, मागं पडतं, एवढाही विचार केला नाही.

"बराच वेळ झाला," शेवटी मी सगळ्यांसमोर, स्पष्ट आवाजात म्हणाले. "कार्ड गरम होऊनही लाट जागची हललेली नाही. कंट्रोलर चांगला आहे. बिघाड पंपात आहे."

दगडूअण्णा उठले. "झालं तर मंग! सूनबाईनं सांगितलं म्हंजी पंपच. चला, उपसू."

"मी बी येतो," नाना म्हणाले. वयाच्या सत्तरीत! "आमच्या सुनंनं शोधलंय, मी न्हाई तर कोन येनार?" ह्यांनी दोन मित्रांना फोन लावले आणि सगळे दगडूअण्णांच्या वावराकडं निघाले. आक्काही भिंतीवर बघून, भरपूर वेळ आहे म्हणत, दुसरा चहा पिऊन, सावकाश एस्टीकडं गेल्या. जाता जाता मला म्हणाल्या, "जमला बाई तुझा टीव्ही."

हे वाक्य मी आयुष्यभर सांभाळून ठेवणार होते. ते फार तर दुपारपर्यंत टिकलं.

आक्का थोड्याच वेळात पिशवीसकट परत आल्या. "एस्टी येळंच्या आधीच गेली! काय मेले ड्रायवर! मानसं बसायच्या आधी गाडी पळवतेत!"

आत्याबाईंनी एस्टीला नावं ठेवली. मीही ठेवली. बिचारी एस्टी!

मग मी भाकरी थापल्या, वांग्याचं भरीत केलं, आम्ही तिघी जेवलो. बैठकीत टीव्हीवर माझी लाट चालूच होती. येता-जाता मी तिच्याकडं बघत होते, बाळाला बघावं तसं. इतका वेळ झाला तरी तश्शीच! कसला पक्का कंट्रोलर म्हणायचा दगडूअण्णांचा! वावरातल्या माणसांसाठी जेवणाचे डबे भरून देताना आत्याबाई म्हणाल्या, "पाच मानसं लागलीत बघ उपसायला, तुझ्या एका शब्दावर." मला चुलीपाशी उगीचच पदर सावरावा लागला.

भांडी घासून झाली, आणि कंट्रोलर सोडवून ठेवावा म्हणून मी पुढच्या खोलीत गेले.

टेबलावर लाल-पांढरं कव्हर होतं. झालर खाली, नीट चारी कोपरे ओढलेलं.

मी कव्हर उचललं. डबा काळा. थंडगार. बटण बंद.

मी बैठकीत पळाले. टीव्हीवर पिवळी लाट, छान, स्थिर. कोपऱ्यात अकरा वाजून पाच. भिंतीवर जवळपास दोन, तेही नानांनी दोनदा मागं ओढलेले.

"आत्याबाई," मी विचारलं, "डब्यावर कव्हर कधी घातलं?"

"तवाच की, स्टूल आनाया गेले तवा. तुमी समदे हिकडं बसलेले, तिथं कुनीच न्हाई आन ते उगं जळून राहिलं व्हतं. बटन बंद केलं, वर धूळ नको म्हनून कव्हर घातलं." मग काळजीनं, "बराबर केलं ना?"

काय सांगू? खोलीत कुणी नसताना बटण बंद करणाऱ्या बाईला चूक कसं म्हणू? चूक कुणाची? डबा बंद झाल्यावर लॅपटॉप त्याला विचारतच राहिला होता, "फोटो दे, फोटो दे." उत्तर येत नव्हतं. आणि तो माझ्या शिकवणीप्रमाणं गप्प बसून, कुणाला काही न सांगता, जुनाच फोटो दाखवत राहिला होता. त्याच्यासारखा आज्ञाधारक प्रोग्रॅम मी परत लिहिलेला नाही.

मी डबा चालू केला. कंट्रोलरला बटण नव्हतं म्हणून तो आत्याबाईंच्या हातून वाचला होता; सकाळपासून चालूच, चांगला तापलेला. पडद्यावर लाट नव्हती. आक्कांची ती लग्नातली सपाट पिवळी रेघ! म्हणजे कार्डच बंद पडलेलं. पंप निर्दोष.

आणि पंप बोअरमधून वर येत होता.

मी पळाले. हो, पळाले! कुरुंद्याच्या रस्त्यानं, भरदुपारी, नवी सून, एका पायात माझी चप्पल आणि दुसऱ्यात आत्याबाईंची. मागून आक्का ओरडत होत्या, "काय झालं गं? काय झालं?" दगडूअण्णांचं वावर गावाला लागूनच आहे, पण त्या दिवशी ते परभणीच्याही पलीकडं गेलेलं वाटलं.

बांधावर पोचले तेव्हा दिसलं ते असं: काळा लांब पाइप खांद्यावर घेऊन माणसांची रांग गव्हाच्या कडेकडेनं चाललेली, सर्वांत पुढं नाना, धोतर खोचून. आणि बोअरच्या तोंडाशी दगडूअण्णा वाकलेले.

"थांबा!" मी ओरडले. "पंप काढू नका!"

माझा आवाज एवढा मोठा आहे हे मला माहीतच नव्हतं. पलीकडच्या वावरातला बैल मान वर करून बघायला लागला.

रांग थांबली. त्याच क्षणी बोअरमधून चकचकीत पंप बाहेर आला आणि दगडूअण्णांनी तो लेकरासारखा दोन्ही हातांनी मातीवर आडवा ठेवला.

"आला बघ सूनबाई!" ते हसून म्हणाले. घामानं भिजले होते. "आता सांग, काय बिघडलंय ह्याचं?"

"काही नाही," मी म्हटलं.

"आं?"

"काही बिघडलेलं नाही. बिघाड कार्डातच आहे. टीव्हीवरचं चित्र सकाळचं होतं. डबा बंद होता. मला कळलं नाही."

हे तोंड फिरवून गहू बघायला लागले. खांदे मात्र हलत होते. दगडूअण्णा पंपाकडं बघत, पंपालाच विचारावं तसं म्हणाले, "मंग ती लाट हालत व्हती ती?"

"हलत नव्हती."

"नाना, आपुन बघितली ना?"

"बघितली की!" नाना म्हणाले. "चांगली हालत व्हती."

मग नानांनी पाइप खाली ठेवला आणि जे हसायला लागले ते बसलेच मातीत. त्यांच्यामागं सगळी रांग बसली. माझ्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते हसण्याचं का रडण्याचं, हे त्या वेळी मीही ओळखू शकले नसते.

पंप त्यांनी परत खाली सोडला. मी घरी येऊन कार्ड उघडलं. झाळणीचा एक टाका तडकलेला, केसाएवढा. गरम झाला की उघडायचा, थंड झाला की जुळायचा. भरला. पुन्हा तापवून बघितलं, या वेळी डब्याजवळ बसून, कव्हर मांडीवर घट्ट धरून. उन्हं उतरायच्या आत दगडूअण्णांच्या गव्हात पाणी फिरलं आणि दिवस मावळेपर्यंत थांबलं नाही.

आणि प्रोग्रॅममधली ती गप्प बसायची ओळ मी खोडली. आता फोटो आला नाही की टीव्हीभर लाल, मोठी मराठी अक्षरं येतात: 'डब्याची लाइट गेली. हे चित्र जुनं आहे. विश्वास ठेवू नका.' आत्याबाईंनी दोनदा बटण बंद करून ते स्वतः तपासलं. दोन्ही वेळा टाळ्या वाजवल्या.

रात्री जेवायला सगळे बसले. मी वाढत होते. माळा माझ्या डोळ्यांपुढं होता, शिलाई मशीनशेजारची जागा रिकामीच होती. आक्कांनी भाकरीचा तुकडा मोडत नानांना विचारलंच, "मंग, गिरनीचं काय ठरवलं?"

नाना सावकाश घास चावत होते. "आक्का, ह्या घरात चाळीस वरसं झाली, माझ्या शब्दावर कुनी पंखा बी बंद केला न्हाई. पोरीच्या एका शब्दावर पाच मानसांनी बोअर उपसला. चुकली, तर पळत येऊन सोताच सांगितलं. गिरनीला दुसरी जागा बघू."

ह्यांनी ताटात बघत हळूच हसून घेतलं. आत्याबाईंनी मला न विचारता माझंही ताट सगळ्यांच्या पंगतीत मांडलं. आक्का आत्याबाईंकडं झुकून, पण मला ऐकू येईल अशा बेतानं म्हणाल्या, "टेबल ऱ्हाऊ दे बाई. पर ह्या पोरीत लाइट हाय का गेली, ते कसं कळायचं?"

सकाळ असती तर मी भाजी आणायला आत गेले असते. पण दुपारी एकदा आवाज निघाला होता, तो आता आत जायला तयार नव्हता. मी भाकरीचं ताट खाली ठेवलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले:

"आक्का, लाइट गेली की डबा आता स्वतः ओरडून सांगतो. आजपासून मीपण सांगणार. पहिलं आत्ताच सांगते. उद्या एस्टीला जाताना भिंतीवरचं घड्याळ बघून निघू नका. ते अजून माझ्याच टायमावर आहे."